४८६ वर कॅश १२८ के ची २५६ के केली आणि मशीन हँग होतंय? आधी टॅग चिप बघ

तुझा प्रश्न मी असा समजलो: डोंबिवलीच्या घरी माळ्यावर वडिलांचं ४८६ सापडलं, डीएक्स२-६६, १६ एमबी रॅम, बोर्डावर १२८ के कॅश (प्रोसेसर आणि रॅमच्या मधली छोटी, वेगवान मेमरी) आणि बाजूला चार सॉकेट रिकामी. तू दुसऱ्या एका मेलेल्या बोर्डावरून चार ६१२५६ (३२ के च्या कॅश चिप्स) काढून त्या रिकाम्या सॉकेटांत बसवल्यास, जंपर (सेटिंग बदलायची बोर्डावरची छोटी टोपी) २५६ के ला लावलास, चालू केल्यावर स्क्रीनवर येणाऱ्या टेबलात कॅश २५६ के दिसते पण पुढे डॉस लोड होताना हायमेम (१ एमबी च्या वरची मेमरी सांभाळणारा डॉसचा ड्रायव्हर) 'अनरिलायेबल एक्सएमएस मेमरी' म्हणून एरर देतो, नाहीतर सरळ हँग. आणि दुकानदार म्हणतोय सगळ्याच चिप्स बदला, माझ्याकडे ६२२५६-७० पडल्यात त्या घेऊन जा.

त्या घेऊ नकोस. तुझ्या चार चिप्स बहुतेक चांगल्याच असणार, आणि आधीच्या चार तर १२८ वर चालतच होत्या. तुला हवी आहे फक्त एक चिप, ती म्हणजे टॅग. डेटाच्या चिप्स सगळे मोजून आणतात, टॅगकडे कोणी बघत नाही, कारण ती पण तशीच २८ पायांची, तेवढ्याच लांबीची, त्याच रांगेत किंवा जरा बाजूला बसलेली असते आणि लांबून सगळ्या सारख्याच दिसतात.

आता नीट सांगतो, कारण हे एकदा समजलं की पुढचा कुठलाही बोर्ड तू मॅन्युअल नसताना सुद्धा वाचू शकशील. ४८६ प्रोसेसर मेमरीतून एकदम १६ बाइट उचलतो, चार-चार बाइटच्या चार खेपा, आणि कॅश पण त्याच १६ बाइटच्या ओळींत विभागलेली असते. १२८ के ला १६ ने भागलं की ८१९२ ओळी होतात, २५६ के ला भागलं की १६३८४. डेटाच्या चिप्समध्ये या ओळींतला माल असतो, पण तो माल रॅमच्या कुठल्या पत्त्यावरचा आहे ते टॅग चिपमध्ये लिहिलेलं असतं, प्रत्येक ओळीला एक नोंद. म्हणजे सोसायटीच्या गेटवर रजिस्टर असतं ना, कुठल्या फ्लॅटमध्ये सध्या कोण भाडेकरू राहतो ते लिहिलेलं, तसं. तू बिल्डिंगला दुसरी विंग बांधलीस पण रजिस्टर जुन्याच विंगपुरतं ठेवलंस, मग वॉचमन पाहुण्याला चुकीच्या घरी पाठवणारच.

१२८ के साठी ८१९२ नोंदी पुरतात म्हणून त्या बोर्डांवर टॅगला ८ के × ८ ची चिप, म्हणजे आठ-आठ बिटांच्या ८१९२ जागांची, देत असत. २५६ के ला १६३८४ नोंदी हव्यात, १६ के × ८ अशी चिप बाजारात सहसा नसायचीच त्यामुळे सरळ ३२ के × ८ लावायची, म्हणजे तुझ्या डेटाच्या चिप्स आहेत तसलीच एक. पुढे कधी ५१२ के केलंस तर ३२७६८ ओळी होतात, तिथेही हीच टॅग चालते, आणि १ एमबी ला मात्र ६४ के × ८ लागते.

तुझ्या टॅगवरचा नंबर वाच. ६१६४, ६१सी६४, आयडीटी ची ७१६४, सायप्रस ची ७सी१८५ असं काही असेल तर ती ८ के वाली आहे आणि तुझा प्रॉब्लेम तिथेच संपला. ६१२५६, ६१सी२५६, ७१२५६, ७सी१९९, विनबॉन्ड ची २४२५७ असं असेल तर ती ३२ के ची आहे, मग टॅग ठीक आहे आणि आपल्याला दुसरीकडे शोधावं लागेल, ते खाली लिहितो.

आता तुला पडलेलं कोडं, की टेबलात २५६ दिसतंय तर मग चालत का नाही. ८ के वाल्या चिपचा २६ नंबरचा पाय हा चिप सिलेक्टचा आहे, त्याच्यावर व्होल्टेज असलं की चिप जागी, नसलं की झोपलेली. ३२ के वाल्या चिपमध्ये तोच २६ नंबरचा पाय अॅड्रेस लाइनचा आहे, ए१३. तू जंपर २५६ ला लावलास म्हणजे बोर्ड त्या पायावर अॅड्रेस पाठवायला लागला, आणि तिथे जुनी ८ के चिप बसलेली असल्यामुळे अॅड्रेसची ती लाइन खाली गेली की टॅग चिप झोपी जाते. निम्म्या ओळींसाठी टॅग उत्तरच देत नाही, बसवर जो काही कचरा तरंगत असेल तोच चिपसेट (कॅश आणि रॅम सांभाळणारा बोर्डावरचा कंट्रोलर) नोंद म्हणून वाचतो. पोस्टच्या, म्हणजे चालू होतानाच्या तपासणीच्या, टेबलातल्या आकड्यावर म्हणूनच माझा कधी भरवसा नसतो, तो बायॉसने काढलेला अंदाज असतो, सगळ्या कॅशची चाचणी नाही. हायमेम मात्र चालू होताना सगळी एक्स्टेंडेड मेमरी लिहून परत वाचून बघतो, म्हणून चोर तिथे पकडला जातो. तो एरर आला की लोक रॅमच्या पट्ट्या बदलत बसतात. रॅमवर संशय घ्यायच्या आधी बायॉसमध्ये एक्स्टर्नल कॅश डिसेबल करून बघ, एरर गेला तर रॅम निर्दोष आहे. हे तू आत्ताच्या आत्ता करू शकतोस, एक पैसा खर्च न करता.

दुकानदाराच्या ६२२५६-७० का नकोत ते पण सांगतो, कारण नंबर इतका मिळताजुळता आहे की कोणीही फसेल. साइज तीच आहे, ३२ के × ८, पण मागचा ७० म्हणजे ७० नॅनोसेकंद. तुझा डीएक्स२-६६ आतून ६६ वर पळतो पण बाहेरचा बस ३३ मेगाहर्ट्झ चा, म्हणजे एक क्लॉक ३० नॅनोसेकंदांचा. चांगल्या सेटिंगला, २-१-१-१ ला (पहिल्या खेपेला २ क्लॉक, पुढच्या तिन्हींना एकेक), पहिल्या खेपेनंतरची प्रत्येक खेप एका क्लॉकमध्ये यायला हवी, म्हणजे ३० च्या आत, आणि त्यातही चिपसेट आणि बफर आपला वेळ खाणार. एकदम ढिली ३-२-२-२ ठेवलीस तरी हातात ६० च आहेत. ७० वाली चिप त्यात कशी बसणार? शिवाय ती बहुतेक वेळा रुंद बॉडीची येते, पायांच्या दोन रांगांमधलं अंतर १५.२४ मिलिमीटर, आणि कॅशची सॉकेट अरुंद असतात, ७.६२ वाली, म्हणजे बसणारच नाही. ६२२५६ हा बॅटरीवर डेटा धरून ठेवायच्या कामाचा माल आहे, त्या कामाला एकदम मस्त, कॅशला नाही.

३३ मेगाहर्ट्झ च्या बसला डेटासाठी २० नॅनोसेकंद ठीक, टॅग मात्र १५ ची घे. टॅगला जास्त घाई असते, कारण तिने उत्तर दिल्यावर चिपसेटने तुलना करायची आणि मग ठरवायचं की माल कॅशमध्ये आहे का रॅमकडे जायचं, हे सगळं त्याच वेळात. डेटा २० ची आणि टॅग १५ ची असे बोर्ड भरपूर दिसतात. उलटं, म्हणजे टॅग हळू आणि डेटा फास्ट, असं कधी करू नकोस.

चिप कुठून आणायची? पहिली जागा म्हणजे तुझा तो मेलेला बोर्डच. त्याच्यावर २५६ के ची कॅश होती का बघ, असेल तर त्याची टॅग ३२ के चीच असणार आणि तुला घराबाहेर पडायची पण गरज नाही. त्याच्यावर ८ डेटा चिप्स असतील तर त्यातल्या उरलेल्यांपैकी एखादी पण टॅग म्हणून चालेल, स्पीड बघून, टॅग म्हणून काही वेगळी जात नसते या बोर्डांवर, तीच साधी फास्ट एसरॅम (स्टॅटिक रॅम). नसेल तर लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतर, रविवारी जाऊ नको, बहुतेक दुकानं बंद असतात. आणि तिथे 'कॅश मेमरी' म्हणून मागू नको, समोरचा मुलगा तुझ्यापेक्षा लहान असेल, त्याला वाटेल एसएसडी हवीय. 'फास्ट एसरॅम, ६१२५६, पंधरा नॅनो, बारीक बॉडी' असं सांग, नाहीतर सरळ चिपचा फोटो दाखव. जी दुकानं रिपेअरिंगचे पार्ट ठेवतात, टीव्हीचे आयसी, ईप्रॉम, त्यांच्याकडे विचार, नवीन लॅपटॉपवाल्यांकडे वेळ घालवू नको. दुसरा मार्ग भंगाराचा, कुर्ला-साकीनाक्याकडे जुने बोर्ड किलोवर जातात, त्यात ३८६ चा बोर्ड दिसला तरी उचल, कारण कित्येक ३८६डीएक्स बोर्डांवर हीच कॅश, ह्याच चिप्स. मला स्वतःला भंगारातला सॉकेटवाला बोर्ड नवीन म्हणून विकलेल्या सुट्या चिपपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, कारण बोर्डावरची चिप एके काळी नक्की चालत होती. सुटी चिप घेतलीस तर तिची वरची बाजू कापसावर ॲसिटोन घेऊन पूस. छपाई निघाली एवढ्याने घाबरू नकोस, पण काळा रंगच थर निघाल्यासारखा सुटला आणि खाली घासलेलं प्लॅस्टिक दिसलं तर नंबर नंतर छापलाय, १५ लिहिलेली ती खरी कितीची असेल देव जाणे.

बाय द वे, सॉकेट नसलेल्या, थेट सोल्डर केलेल्या चिप्सवर मोठ्या अक्षरात 'राइट बॅक' छापलेलं दिसलं तर त्या बोर्डाच्या नादी लागू नको. नव्वदच्या दशकाच्या मध्यात असे बोर्ड आले होते ज्यांच्यावर कॅशच्या चिप्स म्हणजे नुसतं पाय लावलेलं प्लॅस्टिक होतं, आत सिलिकॉन नाहीच, आणि बायॉस २५६ के दाखवायचं. घेणाऱ्याने महिन्याच्या पगारातून वाचवून मशीन घेतलेलं असायचं आणि त्याला कधी कळलंच नाही. त्याची चीड मला आजही येते. तुझा बोर्ड तसा नाही, त्याच्यावर सॉकेट आहेत.

आता बसवताना. पॉवर बंद, केबल भिंतीतून काढ. एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) धातूच्या डब्याला हात लावून मग चिप धर, आपल्याकडे पावसाळ्यात स्टॅटिक कमी असतं हे खरं, पण एसीच्या खोलीत बसून काम करत असशील तर असतंच. जुनी टॅग काढताना बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर एका टोकाखाली थोडा, मग दुसऱ्या टोकाखाली थोडा, असं आलटून पालटून, एका बाजूने एकदम उचकटलीस तर दुसऱ्या टोकाचे पाय वाकलेच समज. आणि स्क्रूड्रायव्हर सॉकेटच्या आणि चिपच्या मध्ये घाल, सॉकेटच्या खाली नाही, खाली बोर्डाचे ट्रेस असतात.

सॉकेट २८ चं आहे का ३२ चं ते मोज! हे फार महत्त्वाचं आहे. बरेच बोर्ड पुढे मोठ्या चिप्स लावता याव्यात म्हणून ३२ भोकांचं सॉकेट देतात, आणि २८ पायांची चिप त्यात खाचेच्या विरुद्ध टोकाला सरकवून बसवायची असते, खाचेकडची चार भोकं, दोन इकडची दोन तिकडची, रिकामी राहतात. जुनी चिप कशी बसली होती त्याचा काढायच्या आधी फोटो काढून ठेव म्हणजे प्रश्नच नाही. चिपची खाच आणि सॉकेटची खाच एकाच दिशेला. उलटी बसली तर व्होल्टेज उलटं जातं, चिप काही सेकंदांत बोट ठेववणार नाही इतकी तापते आणि बहुतेक वेळा गेलेलीच असते.

पायांकडे बघ. आपल्या मुंबईच्या हवेत, समुद्राची खारी दमट हवा, जुन्या चिपचे पाय काळे पडलेले असतात आणि सॉकेटच्या आतल्या पट्ट्या पण. मी तर म्हणेन की इथे कॅशचा जेवढा त्रास मी बघितलाय त्यातला फार मोठा भाग नुसता कॉन्टॅक्टचा होता, चिपचा नाही. पाय खोडरबराने दोन्ही बाजूंनी हलकेच घास, कचरा ब्रशने झटक, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मार आणि चिप दोन-तीनदा आत-बाहेर कर. पूर्ण वाळू दे. जुलै-ऑगस्टमध्ये करत असशील तर पंख्याखाली रात्रभर ठेव, घाई नको.

मग क्रम असा ठेव. आधी नवीन टॅग बसव, पण जंपर परत १२८ ला, आणि तुझ्या चार नवीन चिप्स काढून ठेव. ३२ के ची टॅग बहुतेक बोर्डांवर १२८ च्या सेटिंगला पण चालते, जास्तीची जागा नुसती पडून राहते. मशीन व्यवस्थित चाललं, हायमेम गप्प राहिला, तर टॅग चांगली आहे हे सिद्ध झालं. मग आधीच्या चार डेटा चिप्स काढून त्यांच्या जागी तुझ्या नवीन चार लाव, अजून १२८ वरच. चालल्या तर त्या पण चांगल्या. नाही चालल्या तर एकेक करून जुन्यांमधली परत लावत जा, चार चिप्स म्हणजे ३२ बिटांचे चार बाइट, एक खराब असली तरी सगळं कोसळतं, पण शोधायला फक्त चारच असतात. हे सगळं झाल्यावर मगच आठही लाव आणि जंपर २५६ ला. लोक आठ चिप्स आणि तीन जंपर एकदम बदलतात आणि मग कशामुळे बिघडलं ते ब्रह्मदेवाला पण सांगता येत नाही.

जंपरचं म्हणशील तर बोर्डावरच बारीक छापलेलं असतं, नसलं तर चिपसेटचा नंबर आणि बायॉस चालू होताना खाली येणारी लांबलचक स्ट्रिंग लिहून घे, त्यावरून 'टोटल हार्डवेअर ९९' या जुन्या डेटाबेसमध्ये बोर्ड सापडण्याची शक्यता चांगली आहे. डेटासाठीचे जंपर वेगळे आणि टॅगसाठीचा एखादा वेगळा असंही असतं, तो चुकवू नको, कारण २६ नंबरच्या पायाची जी गोष्ट वर सांगितली ती कधीकधी त्या एका जंपरवर ठरते. काही बोर्डांवर टॅगशेजारी अजून एक सॉकेट असतं, 'डर्टी' किंवा 'आल्टर' लिहिलेलं. ते राइट बॅकसाठी (बदललेला माल रॅममध्ये नंतर लिहायची पद्धत), कुठली ओळ बदललीय आणि रॅममध्ये परत लिहायचीय त्याची खूण ठेवायला. ते रिकामं असेल तर बायॉसमध्ये राइट थ्रू (लगेच रॅममध्ये पण लिहायची पद्धत) ठेव.

टॅग आधीच ३२ के ची निघाली तर? तरी वरचाच क्रम लाव, फक्त त्याआधी दोन गोष्टी बघ. एक, व्होल्टेज. मल्टिमीटर लावून चिपच्या १४ आणि २८ नंबरच्या पायांत मोज, ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये असलं पाहिजे. इतकी वर्षं माळ्यावर पडलेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर सुकलेले असतात आणि ५ व्होल्टची लाइन खाली बसली की फास्ट चिप्सच आधी गडबडतात. एसएमपीएस बदललास तर बोर्डाचे दोन कनेक्टर लावताना काळ्या वायरी मध्ये शेजारी-शेजारी यायला हव्यात, उलट लावलेस तर बोर्ड गेला. दोन, बॅटरी. कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या किंवा हिरव्या रंगाची ३.६ व्होल्टची पिंपासारखी बॅटरी असेल तर ती आजच कापून काढ, कॅश वगैरे सगळं नंतर. निकेल-कॅडमियमच्या असतात या, गळतात, आणि तो अल्कली पदार्थ ट्रेस खात-खात पुढे सरकतो. हिरवट-पांढरी पावडर दिसली तर व्हिनेगर लाव, फेस थांबला की पाण्याने आणि मग अल्कोहोलने धू, आणि तिथले ट्रेस मीटरच्या बझरवर एकेक तपास. त्या जागी थेट सीआर२०३२ लावू नको, बोर्ड तिला चार्ज करायला बघेल, मध्ये एक डायोड घाल.

चालायला लागल्यावर बायॉसमध्ये पहिल्यांदा कॅश रीड ३-२-२-२ आणि राइटला १ वेट स्टेट ठेव, एक दिवस वापर, मग २-१-१-१ आणि ० कर. तुझ्याकडे आठ चिप्स म्हणजे दोन बँका आहेत, त्यामुळे चिपसेट एक खेप या बँकेतून आणि पुढची त्या बँकेतून असं आलटून घेऊ शकतो. म्हणूनच २५६ के साठी ६४ के च्या चार चिप्सपेक्षा ३२ के च्या आठ मला आवडतात. तपासायला डॉस चालू होताना एफ५ दाबून स्वच्छ बूट कर, इएमएम३८६ नको, आणि कॅशचेक चालव. तो लहान ब्लॉकपासून मोठ्यापर्यंत वेग मोजत जातो. ८ के नंतर एक पायरी दिसेल, ती प्रोसेसरच्या आतली कॅश संपली, आणि दुसरी पायरी २५६ नंतर यायला हवी. ती १२८ लाच आली तर दुसरी बँक वापरातच नाहीये, टेबल काहीही म्हणो. वेगवेगळ्या दोन पायऱ्या दिसल्याच नाहीत तर बाहेरची कॅश बंद आहे. हे झाल्यावर मेमटेस्ट रात्रभर सोड.

फायदा किती होईल ते पण खरं सांगतो, कारण तू लिहिलंयस की डूम हा गेम जोरात पळवायचाय. शून्यावरून १२८ ला जाताना जो फरक पडतो तेवढा १२८ वरून २५६ ला पडत नाही. डूममध्ये थोडासाच दिसेल, टाइमडेमो डेमो३ आधी आणि नंतर चालवून आकडे लिहून ठेव. विंडोजमध्ये, मोठे प्रोग्राम, कंपायलर वगैरे चालवताना जास्त जाणवेल. आणि पुढे कधी एएमडी चा १३३ वाला ५x८६ टाकायचा विचार असेल, व्होल्टेज ॲडॉप्टर घालून, तर तिथे ही कॅश खरी कामाला येईल, कारण प्रोसेसर चौपट पळणार आणि बस तोच ३३ चा, रॅमची वाट बघणं त्याला फार महाग पडतं. रॅम मात्र ३२ एमबी च्या वर नेऊ नको. राइट बॅकला टॅगच्या आठ बिटांतला एक बिट डर्टीला गेला की सात उरतात, आणि २५६ के ची कॅश ३२ एमबी पर्यंतच पोचते, त्याच्या वरची रॅम कॅशशिवाय चालते, आणि विंडोज ९५ नेमकी वरूनच मेमरी वापरायला घेतं, म्हणजे रॅम वाढवून मशीन हळू झालं असं होतं. राइट थ्रू ठेवलंस तर आठही बिट मिळतात आणि हद्द ६४ एमबी ला जाते. तुझ्या १६ ला काहीच प्रॉब्लेम नाही.

तर आज संध्याकाळी एवढंच कर, एक्स्टर्नल कॅश डिसेबल करून एरर जातो का बघ, टॅगवरचा पूर्ण नंबर आणि शेवटचा डॅशनंतरचा आकडा वाच, आणि त्या मेलेल्या बोर्डाची टॅग पण बघ. दोन्ही नंबर आणि चिपसेटवर काय लिहिलंय ते कळव, यूएमसी, सिस, ऑप्टी जे असेल ते, म्हणजे जंपरचं मी नक्की सांगू शकेन.